पुढच्या सेमिस्टरच्या यादीत झोप कुठं आहे?

आमच्या गल्लीतली एक पोरगी संगीत विषय घेऊन बीए करते, दुसरं वर्ष. दिवाळीच्या सुट्टीत वही घेऊन माझ्याकडे आली. "मावशी, पुढच्या सेमिस्टरला काय काय करायचं ते लिहिलंय, बघा जरा."

सात नवीन राग. रोज चार तास रियाज. हार्मोनियम. जयंतीचे वीस कार्यक्रम. मी विचारलं, "पोरी, यात झोप कुठं आहे?" ती हसली, आणि हसताना आवाज फाटला.

हे एप्रिलपासून चालू आहे. आपल्याकडे जयंती १४ तारखेला संपत नाही, महिनाभर गल्लोगल्ली चालते. ही पोरगी रोज रात्री एका स्टेजवरून दुसऱ्या स्टेजवर. ढोलकी आणि बेंजोच्या आवाजात स्वतःचा आवाज ऐकू येत नाही, म्हणून गाणारी आणखी जोर लावते. महिनाअखेरच्या प्रात्यक्षिक परीक्षेत तिला वरचा सा लागलाच नाही. घरच्यांनी ज्येष्ठमध दिलं, गोळ्या चघळायला दिल्या. घसा बसलाय, होईल बरा, असं सगळे म्हणाले. मीही तेच म्हटलं, नर्स असून.

शेवटी सरकारी रुग्णालयात कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी दुर्बिणीतून बघितलं. स्वरयंत्रातल्या दोन पट्ट्यांवर बारीक गाठी धरायला लागल्या होत्या. बाई बोलते तेव्हा या पट्ट्या सेकंदाला साधारण २०० वेळा एकमेकींवर आपटतात. मधल्या सा वरून वरच्या सा वर गेलं की हे आपटणं बरोबर दुप्पट होतं. खुरपं धरून हाताला घट्टे पडतात, तसाच हा प्रकार. वेळेत धरलं तर बहुतेकदा ऑपरेशन लागत नाही. आवाजाचे व्यायाम आणि विश्रांती यांनी गाठी कमी होतात. विश्रांती म्हणजे कुजबुजणं नव्हे, त्यानेही पट्ट्यांवर ताण येतो. गप्प बसायचं.

मग आम्ही यादी परत लिहायला बसलो. सातऐवजी दोन राग, बागेश्री आणि भीमपलास. गळ्याचा रियाज वीस-वीस मिनिटं, दोनदा. उरलेल्या वेळात बंदिशी लिहिणं, हातावर ताल धरणं, ऐकणं. हासुद्धा रियाजच, त्याला गळा लागत नाही. दहा बाय बाराच्या खोलीत पाच माणसं आणि टीव्ही, तिथं सा कुठं लावणार? विहाराच्या कमिटीशी बोलले. सकाळी साडेसहा ते साडेसात विहार तिला मोकळा मिळाला.

लांब स्वर धरताना तिचा दम तुटायचा. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन ९.४. बाईला किमान १२ हवं. म्हणून यादीत लोहाची गोळी आली, रोज, लिंबूपाण्याबरोबर. चहा गोळीच्या आधी-नंतर दोन तास नाही. हिमोग्लोबिन भरलं म्हणून गोळ्या लगेच सोडायच्या नाहीत, साठा भरायला आणखी तीन महिने लागतात.

कार्यक्रम वीसवरून सहा करू म्हटलं, तर ती गप्प झाली. "मावशी, मग फी कोण भरणार?" खरं आहे. बिदागीवरच तिचं कॉलेज चालतं. विचारलं तर कळलं, महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचा अर्जच भरलेला नाही, कारण उत्पन्नाचा दाखला जुना झाला होता. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध मुलांसाठी भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे, उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख. तेव्हा यादीत वरच्या ओळीत लिहिलं : तहसीलचा दाखला. संगीताच्या वहीत दाखला कशाला, म्हणून तिची आई हसत होती.

आवाज तीन आठवड्यांपेक्षा जास्त घोगरा राहिला तर कुणीही घशाच्या डॉक्टरांना दाखवा. घरात कुणी तंबाखू खात असेल, मिश्री लावत असेल, विडी ओढत असेल, तर अजिबात थांबू नका, तिथं कॅन्सरची शंका आधी काढून टाकावी लागते. गिळताना त्रास, श्वास लागणं किंवा थुंकीत रक्त दिसलं तर त्याच दिवशी जा.

कार्यक्रम सहा की आठ, यावर आमचा वाद अजून चालू आहे. मंडळवाल्यांनो, तारीख मागायला याल तेव्हा एक स्पीकर गाणाऱ्याच्या तोंडाकडे लावायचं कबूल करा, तिला जेवण कार्यक्रमाआधी द्या आणि रात्री दहाला माईक बंद करा. दहानंतर लाऊडस्पीकरला कायद्यानेही बंदी आहे.