शितावरून भात, पण शीत कुठलं?

मैत्रिणींनो, आधी एक कबुली देते. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीपूर्वी, एप्रिलातल्या एका दुपारी आमच्या कुंभिवलीच्या घरी पाहणी करणारा एक तरुण मुलगा आला. मी शाळेतून नुकतीच आले होते, कुकर लावायच्या गडबडीत होते. दारातूनच त्यानं विचारलं, "साहेब आहेत का?" आमचे हे पहिल्या पाळीला गेलेले. मग भावजी पुढे झाले आणि घरातल्या पाचही मतांचा हिशेब त्यांनी एका दमात सांगून टाकला. मुलगा बिचारा नेटका होता. "आणि ताई, तुमचं?" असं त्यानं मला विचारलं खरं, पण भावजी शेजारीच उभे! मी त्यांनी सांगितलेलंच नाव सांगितलं. मनात दुसरंच होतं आणि १३ मे रोजी बटण दाबलं तेही मनातल्याच नावाचं. रात्री भांडी आवरताना सासूबाई हळूच म्हणाल्या, "मला तर कुणी विचारलंच नाही गं!"

म्हणून पुढे अंदाज चुकले आणि सगळे वाहिन्यांना नावं ठेवू लागले, तेव्हा मी आपली गप्प बसले. त्या चुकीत माझाही चिमूटभर वाटा होताच की!

या पाहण्या म्हणजे काय हो? शितावरून भाताची परीक्षा. पण आपण स्वयंपाकघरातल्या बायका, आपल्याला ठाऊक असतं की मोठ्या पातेल्यात वरचं शीत शिजलेलं आणि मधलं कच्चं असू शकतं. म्हणून आपण दोन-तीन जागची शितं दाबून पाहतो. आता आमचा मावळ मतदारसंघच घ्या. पनवेल, कर्जत आणि उरण घाटाखाली, तर मावळ, चिंचवड आणि पिंपरी घाटावर. चिंचवडच्या सोसायटीत राहणारी बाई आणि आमच्या खालापूरच्या वाडीवरून डोक्यावर मोळी घेऊन येणारी ठाकरीण, दोघी एकाच खासदारासाठी मत देतात. एकीला विचारून दुसरीचं मत कसं कळणार? नीट निवडून हजार माणसांना विचारलं, तरी उत्तर तीनेक टक्के इकडेतिकडे होऊ शकतं, असं हे शास्त्रच सांगतं. उत्तर देणाऱ्यांनी खरं सांगितलं असेल तरची ही गोष्ट!

बरं, तीन टक्के म्हणजे काही थोडे नव्हेत. २०२४ मध्ये महाराष्ट्रात महाविकास आघाडी आणि महायुती यांच्या मतांत एका टक्क्याचाही फरक नव्हता. जागा मात्र ४८ पैकी एकीला ३० आणि दुसरीला १७ मिळाल्या. उरलेली सांगलीची जागा अपक्षाकडे गेली. मुंबई वायव्यमध्ये तर हार-जीत ४८ मतांवर ठरली. आपल्या आळीतच तेवढी मतं असतील! म्हणून मतांचे टक्के आणि जागा या दोन गोष्टींची कधी गल्लत करू नका.

आणि आघाड्यांचं गणित तर त्याहून अवघड. १ जून २०२४ च्या संध्याकाळी बहुतेक वाहिन्यांनी राष्ट्रीय लोकशाही आघाडीला साडेतीनशेच्या पुढे जागा दिल्या, काही तर चारशेपर्यंत गेल्या. ४ जूनला आघाडीच्या पदरात पडल्या २९३. बहुमताला लागतात २७२. भाजपच्या स्वतःच्या २४०, म्हणजे ३२ कमी. तेव्हा तेलुगू देसमचे १६ आणि संयुक्त जनता दलाचे १२ खासदार एकदम मोलाचे झाले. २००४ सालीही वाजपेयी सरकारच परत येणार, असा बहुतेकांचा होरा होता. प्रत्यक्षात काँग्रेसला १४५ आणि भाजपला १३८ जागा मिळाल्या, आणि डाव्या पक्षांच्या बाहेरून पाठिंब्यावर मनमोहन सिंग पंतप्रधान झाले. आपल्या राज्यातलं २०१९ तर आठवतच असेल. विधानसभेला भाजप आणि शिवसेना एकत्र लढले, निकालानंतर शिवसेनेनं सोयरीक केली ती राष्ट्रवादी आणि काँग्रेसशी. मांडवात ऐन वेळी ठरणारी सोयरीक कुठल्या पाहणीत दिसणार?

मग या पाहण्या वाचूच नयेत का? वाचाव्यात, पण भाजी घेताना पाहतो तशा उलटसुलट करून पाहाव्यात. किती जणांना विचारलं? कुठे आणि कधी? त्यात बायका किती होत्या? पाहणीचा खर्च कुणी केला? एवढं दिलेलं नसेल, तर आकडा मनावर घेऊ नये. मतदान संपण्याआधीच्या ४८ तासांत वाहिन्यांवर जनमत पाहण्या दाखवायला कायद्यानं मनाई आहे. मतदानोत्तर अंदाज तर शेवटच्या टप्प्याचं मतदान संपून अर्धा तास होईपर्यंत सांगताच येत नाहीत. लोकांनी आकडे पाहून मत बदलू नये, हाच हेतू.

पण घरातल्या आकड्यांना कोण मनाई करणार? "हवा त्यांचीच आहे, तुझं मत वाया जाईल," हे वाक्य आपल्यापैकी कितीजणींनी जेवणाच्या पाटावर ऐकलंय! मला एवढंच म्हणायचंय की मत म्हणजे शर्यतीवर लावलेला पैसा नव्हे. हरणाऱ्याला दिलेलं मतही मोजलं जातं, आणि तुम्ही कुणाला दिलंत हे यंत्राजवळ उभं राहून कुणी पाहू शकत नाही.

एक काम मात्र आत्ताच करून टाका. लग्नानंतर पुष्कळजणींचं नाव माहेरच्याच यादीत राहून जातं. ते सासरच्या पत्त्यावर आणायला ८ नंबरचा अर्ज भरायचा असतो. अडलं तर १९५० या क्रमांकावर विचारा. ऐन वेळी धावपळ नको.

आणि पुन्हा कुणी पाहणीवाला दारात आला, तर मी त्याला आधी बसायला पाट आणि प्यायला पाणी देणार. मग सांगणार, "बाळा, या घरात मतं पाच आहेत, तेव्हा पाचजणांना वेगवेगळं विचार. आणि सुरुवात आमच्या सासूबाईंपासून कर."