आधी आठवडा बघा, मग रॉड धरा

"सर, आज काय मारू? चेस्ट का बॅक?" भोरच्या व्यायामशाळेत नवा पोरगा आला की पहिला प्रश्न हाच. मोबाइलमध्ये सहा दिवसांचं वेळापत्रक तयार असतं. सोमवारी छाती, मंगळवारी पाठ, बुधवारी खांदे, असं करत शनिवारी पाय. मी शाळेत खेळ शिकवतो आणि संध्याकाळी इथे पोरांकडे बघतो. त्या वेळापत्रकाला हात न लावता मी विचारतो, "तुझा आठवडा कसा असतो?"

एक जण शिरवळला कंपनीत असतो, त्याची शिफ्ट दर आठवड्याला बदलते. दुसरा हिरडस मावळातला, शेवटच्या एसटीवर त्याची नजर. तिसऱ्याच्या घरी आषाढात भातलावणी सुरू झाली की सगळं घर खाचरात. अशांच्या सहा दिवसांतले दोन दिवस हमखास बुडतात. शनिवार बुडाला की त्या आठवड्यात पाय गेले, बुधवारी लग्न निघालं की खांदे गेले. महिनाभराने बघावं तर पोरगा नुसती छाती आणि दंड करत असतो.

म्हणून नवख्याला माझं सांगणं एकच: आठवड्यातून तीन दिवस ये आणि प्रत्येक वेळी सगळ्या अंगाला व्यायाम दे. मध्ये एकेक दिवस मोकळा ठेव. तीन जमत नसतील तर दोन ये. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांतही प्रौढांसाठी स्नायूंच्या व्यायामाचे किमान दोनच दिवस सांगितले आहेत, फक्त त्यात सगळे मोठे स्नायू आले पाहिजेत. असा व्यायाम असला की एखादा दिवस चुकला तरी कुठलाच अवयव उपाशी राहत नाही.

याला दुसरंही कारण आहे आणि मला ते जास्त मोलाचं वाटतं. पहिल्या काही आठवड्यांत जी ताकद वाढते ती बहुतेक मेंदू आणि नसा शिकल्यामुळे. स्नायू भरायला पुढे वेळ लागतो. शिकायचं तर हात पुन्हा पुन्हा बसला पाहिजे. आठवड्यातून एकदा स्क्वॉट करणाऱ्याला महिन्यात चार वेळा सराव मिळतो, तीनदा करणाऱ्याला बारा वेळा. सांगलीच्या संकेत सरगरने २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत ५५ किलो गटात एकूण २४८ किलो उचलून रौप्यपदक मिळवलं. वेटलिफ्टिंगच्या त्या खेळात स्नॅच आणि क्लीन अँड जर्क असे दोनच प्रकार असतात आणि खेळाडू वर्षानुवर्षं तेच घोटतात.

मग नवख्याने काय काय करावं? बसून उठणं, वाकून उचलणं, ढकलणं, ओढणं आणि वजन घेऊन चालणं, एवढं पुरे. तालमीत बैठक होती, दंड होते. ओढण्याचा व्यायाम कुठे होता असं पोरं विचारतात. दोर चढणं होतं, मल्लखांब होता, आणि हौदातली माती फावड्याने उकरणं होतं. आपण तालमीतून दंड-बैठका तेवढ्या उचलल्या, ओढणं मागे राहिलं. म्हणून दंडाच्या जोडीला डंबेलचं रोइंग किंवा पुल-अप घ्यायलाच हवं. बैठकीच्या जागी हातात डंबेल धरून स्क्वॉट, वाकून उचलण्यासाठी डेडलिफ्ट, खांद्यासाठी वजन डोक्यावर ढकलणं, आणि शेवटी दोन्ही हातांत डंबेल घेऊन फेरी. प्रत्येकाचे दोन-तीन सेट. आधी हलक्या वजनाने अंग गरम करायचं. तासाभरात माणूस घरी.

यातलं वाकून उचलणं शिकवायला सगळ्यात वेळ लागतो. वेल्ह्याकडच्या एक काकू येतात. जन्मभर लावणी केलेली, वाकायचं म्हटलं की पाठीची कमान होते. मी त्यांच्या पाठीवर एक काठी उभी धरतो. डोक्याचा मागचा भाग, दोन खांद्यांच्या मधली जागा आणि माकडहाड, तिन्ही ठिकाणी काठी टेकलेली राहिली पाहिजे. गुडघे किंचित सैल. पहिल्यांदा त्या खालीच बसल्या, मग काठी कमरेपासून सुटली. मी म्हटलं, "काकू, दोन्ही हातांत पाण्याच्या बादल्या आहेत आणि मागं गोठ्याचं दार उघडं राहिलंय. ढुंगणानं लोटा." त्या हसल्या आणि कंबर बरोबर मागे गेली. मांडीच्या मागच्या बाजूला ताण आला, तसं त्यांनी स्वतःच हात लावून दाखवलं, "सर, हितं वढतंय." तिथेच ओढलं पाहिजे. त्यानंतरच मी त्यांच्या हातात डंबेल दिलं. बायका वजन उचलून पुरुषांसारख्या होतात ही भीती मनातून काढून टाका. चाळिशीनंतर हाडं ठिसूळ होऊ लागतात आणि वजनाचा व्यायाम त्यांना धरून ठेवतो.

वजन किती घ्यावं? आठ-दहा वेळा नीट उचलता येईल आणि शेवटी अजून दोनदा उचलण्याइतका दम उरेल, इतकं. दुसऱ्या महायुद्धात थॉमस डीलॉर्म हे अमेरिकी लष्करी डॉक्टर गुडघे दुखावलेल्या सैनिकांना वजनाचा व्यायाम देत होते. कमजोर पायाला हलकंच काम द्यावं असा तेव्हा रिवाज होता. डीलॉर्मनी मोजून वजन वाढवत नेलं आणि १९४५ मध्ये आपली पद्धत छापली. दहा-दहाचे तीन सेट पुढे त्यांच्याच कामातून रूढ झाले.

वाढवताना अडतं ते प्लेटपाशी. गावच्या व्यायामशाळेत सव्वा किलोच्या प्लेट क्वचित असतात. अडीचची जोडी लावली की एकदम पाच किलो वाढतं. स्क्वॉटला ते चालून जातं, खांद्याला झेपत नाही. तिथे वजन तेच ठेवून आठचे बारा होऊ द्या, मग पाच किलो चढवा आणि पुन्हा आठवर या. हे लक्षात राहत नाही, म्हणून वही ठेवा. तारीख, व्यायाम, किलो, किती वेळा. वहीतला आकडा महिन्याभरात हलला नाही तर झोप आणि जेवण तपासा, वेळापत्रक नंतर.

अंग दुखलं म्हणजे व्यायाम लागू पडला, असं पोरांना वाटतं. तोरणा चढताना धाप लागते, पण दुसऱ्या दिवशी मांड्या भरून येतात त्या मुख्यतः उतरण्यामुळे. शरीर खाली घेताना स्नायू ताणला जात असतानाच जोर लावतो, आणि त्याची सवय नसली की दुखतं. राजगडावर ताकाची हंडी घेऊन रोज चढणाऱ्या मावशींचे पाय असे दुखत नाहीत, आणि त्यांच्या पायांत आपल्यापेक्षा कितीतरी बळ असतं. दुखणं नव्या कामाचं असतं, फायद्याचं माप नव्हे. सांध्यात कळ आली तर मात्र तिथेच थांबायचं. रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारायचं, आणि जोर लावताना श्वास कोंडायचा नाही.

पोलीस भरतीची पोरं वेगळी. त्यांचा आठवडा १६०० मीटर धावण्याने आधीच भरलेला असतो आणि ७.२६ किलोचा गोळाही फेकायचा असतो. त्यांना मी वजनाचे दोनच दिवस देतो, आणि जोरात पळायच्या आदल्या दिवशी पायांना जड काम देत नाही.

पावडरीच्या डब्याचं विचारतात. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या शिफारशीप्रमाणे प्रौढाला रोज दर किलो वजनामागे ०.८३ ग्रॅम प्रथिनं लागतात, म्हणजे साठ किलोच्या माणसाला साधारण पन्नास ग्रॅम. वजन उचलणाऱ्याला थोडी जास्त. डाळ, अंडी, दूध, शेंगदाणे, मासळी यांतून ती भागतात. इंजेक्शनांच्या वाटेला मात्र कुणीही जाऊ नये. ती सुचवणाऱ्याच्या जवळही उभं राहू नका.

लावणीत तीन-चार आठवडे बुडाले म्हणून कुणी नाव काढून घेऊ नये. श्रावणात परत याल तेव्हा वहीतल्या शेवटच्या आकड्यापेक्षा बरंच कमी वजन लावा आणि पहिला आठवडा तेवढ्यावरच काढा. एकदा कमावलेली ताकद दुसऱ्यांदा लवकर येते. पावसाने रॉडला गंज चढलेला असेल, तेवढा तेलाच्या फडक्याने पुसून घ्या.