सहीचा परवाना

विमान म्हटले की आपल्या घरांत वैमानिकाचेच नाव निघते. जे. आर. डी. टाटांना १९२९ साली हिंदुस्थानातला पहिला वैमानिक परवाना मिळाला, हे पुष्कळांना पाठ असते. परंतु विमान दुरुस्त करून ‘आता हे उडण्यास योग्य आहे’ असे लिहून द्यायलाही परवाना लागतो, हे वाचकहो, आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे?

मी पडलो मराठीचा प्राध्यापक. पान्ह्याशी माझा संबंध न्हाणीघरातील नळापुरता. पण खोपटला आमच्याच इमारतीतला एक मुलगा बारावी सायन्स झाला, आणि त्याचे वडील विमानदुरुस्तीच्या एका संस्थेचे माहितीपत्रक घेऊन माझ्याकडे आले. “सर, कोर्स झाला की लायसन्स मिळतंच ना?” फीचा आकडा वाचून मलाच घाम फुटला. भविष्यनिर्वाह निधीला हात लावल्याशिवाय ती भरणे त्यांना शक्य नव्हते. म्हणून मी चौकशीस लागलो.

उत्तर निघाले ते असे: मिळतोच असे नाही. संस्था देते ते प्रमाणपत्र. परवाना देते दिल्लीचे नागरी विमान वाहतूक महासंचालनालय. आधी संस्थेला त्याची मान्यता आहे की नाही, हे पाहावे. पुढे विद्यार्थ्याने महासंचालनालयाच्या परीक्षा एकेक विषय घेऊन उत्तीर्ण व्हायच्या, आणि चालू विमानांवर प्रत्यक्ष कामाचा अनुभव नोंदवून दाखवायचा. विषयांत इंजिन आणि वीज आहेतच. शिवाय कायदा आहे, आणि माणूस थकला, घाईत असला म्हणजे कसा चुकतो, याचाही स्वतंत्र अभ्यास आहे!

परवान्यातही प्रकार आहेत. ‘बी-१’वाला सांगाडा आणि इंजिन पाहतो, ‘बी-२’वाला विद्युत व इलेक्ट्रॉनिक यंत्रणा. मोठ्या विमानाच्या बाबतीत तर त्या जातीचे वेगळे शिक्षण घेऊन परवान्यावर तशी नोंद करून घ्यावी लागते. एअरबस येते म्हणून बोइंगवर सही करता येत नाही. आणि एवढे झाल्यावरही, ज्या कंपनीत नोकरी तिने अधिकार दिला तरच सही चालते.

इतका काच कशासाठी? १९९० सालच्या जूनमधली गोष्ट आहे. इंग्लंडमधील बर्मिंगहॅमहून निघालेल्या ब्रिटिश एअरवेजच्या विमानाची पुढची काच १७ हजार फुटांवर उडाली आणि कप्तान कमरेपर्यंत बाहेर ओढला गेला. सहकाऱ्यांनी त्याला धरून ठेवले, सहवैमानिकाने विमान उतरवले, आणि सुदैवाने सारे वाचले. चौकशीत आढळले की आधीच्या एका रात्रपाळीत बसवलेल्या ९० बोल्टांपैकी ८४ बोल्ट जाडीला पाऊण मिलिमीटरहूनही कमी फरकाने बारीक होते. बसवणारा नवशिका नव्हता. चांगला अनुभवी होता. त्याने पुस्तकात न पाहता जुन्या बोल्टाशी नवा नजरेने जुळवला, इतकेच.

म्हणजे परवाना हा हुशारीचा दाखला नव्हे. हात सरावला तरी पुस्तक उघडून पाहीन, असे ते वचन आहे. आपण स्वाक्षरीला ‘सही’ म्हणतो. मूळ अरबीत त्या शब्दाचा अर्थ ‘खरे, बिनचूक’. विमानाच्या नोंदवहीत तो अर्थ अजून जिवंत आहे.

शेजाऱ्यांना मी एवढेच सांगितले की, फी किती हे विचारण्याआधी मुलाला एक विचारा. विमान सुटायची वेळ झाली आहे, उतारू खोळंबले आहेत, साहेब घड्याळ दाखवीत आहेत, आणि एका बोल्टाविषयी शंका आहे. अशा वेळी तो ‘सही करणार नाही’ म्हणू शकेल काय? म्हणणार असेल तर निधीतले पैसे वाया जाणार नाहीत.

या दिवाळीत आपल्यापैकी कुणाची लेक, कुणाचा मुलगा विमानाने घरी येईल. त्यांच्या सुखरूप येण्यामागे अशी एक सही असेल. ती करणाऱ्याचे नाव मात्र आपल्याला कधीच कळणार नाही.