‘इतर’च्या रकान्यात काय जाते?

आपल्यापैकी पुष्कळ शिक्षकांनी जनगणनेचे काम केलेले असेल. ज्यांनी केले नाही त्यांनी निदान दारात आलेल्या प्रगणकाला उत्तरे तरी दिली असतील. त्या तक्त्यातले बहुतेक प्रश्न ठरीव उत्तरांचे असतात. वय किती, लिहिता-वाचता येते की नाही, असे. पण मातृभाषेचे तसे नव्हते. तिथे घरचे माणूस जे नाव सांगेल ते लिहायचे, असा नियम होता.

२०११ सालच्या जनगणनेत अशी किती नावे गोळा झाली, ठाऊक आहे? १९,५६९! भाषातज्ज्ञांनी ती तपासली, एकाच बोलीची निरनिराळी नावे एकत्र केली, आणि १,३६९ मातृभाषा नक्की केल्या. १,४७४ नावे कशातच बसेनात. ती ‘इतर’मध्ये गेली. पुढे त्या १,३६९ मातृभाषांचे आणखी मोठे गट पाडले, आणि दहा हजार किंवा त्याहून अधिक भाषकांच्या १२१ भाषा छापून आल्या.

आता आपल्या गोंदिया जिल्ह्याकडे पाहा. आपल्याकडे कितीतरी घरांत पोवारी बोलतात. त्या घरच्या आजीबाईने आपल्या भाषेचे नाव ‘पोवारी’ असेच सांगितले असेल. पण तक्त्यात पोवारी स्वतंत्र भाषा म्हणून येत नाही. ती हिंदीच्या गटात मोडते. यात कोणाचा दुष्ट हेतू होता असे मी म्हणत नाही. हजारो उत्तरांचे ढीग करायचे म्हटले की कोठेतरी रेघ ओढावीच लागते. पण रेघ कोठे ओढली, यावर पुढे काय दिसणार आणि काय झाकले जाणार, हे ठरते. आज बोलायचे आहे ते या रेघेविषयी.

हे आजच का बोलायचे? कारण ही रेघ आता आपल्याच मुलामुलींच्या हाती आली आहे. महाविद्यालयांच्या अभ्यासक्रमात क्षेत्रीय प्रकल्प आला आहे. विद्यार्थी वही घेऊन, नाहीतर मोबाइलवर फॉर्म उघडून, गावात येतात आणि प्रश्न विचारतात. महाराष्ट्रात ही परंपरा जुनी आहे. पुण्याची गोखले अर्थशास्त्र संस्था १९३० साली निघाली. तिथे धनंजयराव गाडगीळ यांनी वाई तालुक्यातील शेतीची आणि पुणे शहराची पाहणी केली, आणि घरोघर जाऊन माहिती जमवण्याचा धडा घालून दिला. किती एकर, किती पोती, किती कर्ज, हे विचारायला आपण शिकलो. पण ‘का?’ आणि ‘तुम्हांला काय वाटते?’ असे विचारले की उत्तर आकड्यात येत नाही, बोलण्यात येते. त्या बोलण्याचे करायचे काय?

एक उदाहरण घेऊ. ते कल्पनेतले आहे, त्यातले आकडेही मी हिशेबापुरते मानले आहेत. पण प्रश्न मात्र आपल्या मातीतला आहे. आपल्या जिल्ह्यात मामा तलाव आहेत. मामा म्हणजे माजी मालगुजारी. गोंड राजांच्या काळापासून कोहळी समाजाने हे तलाव बांधले, त्यांवर धान पिकवले. १९५०च्या कायद्याने मालगुजारी गेली आणि तलाव सरकारजमा झाले. समजा, अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या एका गावी आपल्या विद्यार्थ्यांनी साठ माणसांना विचारले, ‘तुमच्या तलावाचे काय व्हावे असे वाटते?’ साठांपैकी चाळीस शेतकरी, वीस ढीवर, म्हणजे मासेमारी करणारे.

पहिली गोष्ट. उत्तर लिहायचे ते सांगणाऱ्याच्या शब्दांत. झाडीबोलीत ‘पाणी’चे ‘पानी’ होते. तर ‘पानी’च लिहा. ‘बोडी’ म्हटले असेल तर ‘लघु जलाशय’ असे सुधारून ठेवू नका. बोडी लहान, तलाव मोठा. सांगणाऱ्याच्या मनात फरक आहे, तो वहीत उतरला पाहिजे.

दुसरी गोष्ट. प्रत्येक उत्तराची एक चिठ्ठी करा, तिला क्रमांक द्या. मागे कोणाचे उत्तर ते ओळखू येईल अशी नावे नकोत. शेतकरी की ढीवर, बाई की पुरुष, एवढी खूण पुरे. मग सगळ्या चिठ्ठ्या आधी एकदा वाचून काढा. न वाचताच ढिगांची नावे ठरवणे म्हणजे धान न पाहता पोत्यावर भाव लिहिणे. वाचून झाले की सारख्या चिठ्ठ्या एकत्र ठेवत जा. ढिगाला नाव द्यायचे तेही लोकांच्या तोंडचे. ‘गाळ काढा’ हे नाव चांगले. ‘जलव्यवस्थापनविषयक अपेक्षा’ हे नाव कामाचे नाही, कारण त्यात काहीही मावते.

इथे एक अडचण येते. एकच माणूस म्हणतो, ‘गाळ काढा, आणि पोटात शेती केलेली आहे ती सोडवा.’ मग चिठ्ठी कोठे ठेवायची? दोन्हीकडे. एकीची दुसरी नक्कल करा. मात्र मग सगळ्या ढिगांची बेरीज साठापेक्षा जास्त होईल, आणि टक्के शंभरावर जातील. म्हणून अशा उत्तरांचा भाकरीसारखा कापलेला वृत्तालेख काढू नये; त्यात तुकड्यांची बेरीज शंभरच व्हावी लागते. साधे आडवे पट्टे काढावेत, आणि प्रत्येक पट्ट्यापुढे ‘६०पैकी इतके’ असे लिहावे.

तिसरी गोष्ट फार महत्त्वाची. ढीग एकट्याने करू नयेत. तेच काम दोघांनी, एकमेकांचे न पाहता, वेगवेगळे करावे आणि मग ताडून पाहावे. शंभर चिठ्ठ्या आहेत, दोनच ढीग आहेत, दोघांनीही निम्म्या इकडे, निम्म्या तिकडे ठेवल्या, आणि ऐंशी चिठ्ठ्या जुळल्या. वाटते, वा, ऐंशी टक्के! पण डोळे मिटून ठेवल्या असत्या तरी पन्नासेक जुळल्याच असत्या. योगायोगाचे हे पन्नास सोडले तर खरी कमाई तीस. आणि ती उरलेल्या पन्नासातली. तीस भागिले पन्नास, म्हणजे ०.६. जेकब कोहेन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९६० साली हा हिशेब मांडला. आज जगभरचे संशोधक तो वापरतात. जिथे दोघांचे जुळत नाही, तिथे भांडू नये. ती चिठ्ठी पुन्हा वाचावी. बहुधा ढिगाची व्याख्याच सैल असते.

आता चित्राकडे वळू. हल्ली संगणकावर ‘शब्दमेघ’ काढण्याची फार हौस. जो शब्द पुष्कळदा आला तो मोठ्या अक्षरात, कमी आला तो बारीक. दिसायला सुंदर, पण मराठीला हा अंगरखा घट्ट होतो. आपण ‘तलाव’, ‘तलावात’, ‘तलावाचा’, ‘तलावाला’ असे बोलतो. यंत्राला आधी नीट शिकवले नसेल तर ते हे चार वेगळे शब्द समजते, आणि एका मोठ्या शब्दाचे चार लहान होतात. शिवाय एकजण म्हणतो, ‘पाणी शेवटच्या बांधीपर्यंत पोचत नाही.’ दुसरा म्हणतो, ‘पाणी बांधीत साचून राहते.’ मेघात दोघांचे ‘पाणी’ एकच. तक्रारी मात्र एकमेकींच्या उलट! यंत्राने ढीग केले तरी हरकत नाही. पण निदान काही चिठ्ठ्या हाताने काढून पडताळल्याशिवाय त्यावर सही करू नये.

बरे, आपल्या गावचे ढीग झाले. समजा, ‘गाळ काढा’ म्हणणारे ३६ निघाले, ‘अतिक्रमण हटवा’ म्हणणारे २४, आणि ‘मासळी-शिंगाड्यापुरते पाणी राखा’ म्हणणारे १८. पट्टे काढले, गाळाचा पट्टा सर्वांत लांब. अहवालाचे शेवटचे वाक्य तयार: ‘ग्रामस्थांची प्रमुख मागणी गाळ काढण्याची आहे.’ खोटे आहे का? नाही. पण आता त्याच चिठ्ठ्या शेतकरी आणि ढीवर अशा दोन रकान्यांत मांडा. गाळ : ३४ आणि २. अतिक्रमण : १८ आणि ६. मासळीचे पाणी : १ आणि १७. पाहिलेत? वीस ढिवरांपैकी सतरा जण एकच गोष्ट सांगत होते, आणि पहिल्या चित्रात ती तिसऱ्या क्रमांकावर गेली होती. हा पट्टा आणखी थोडा आखूड असता तर कोणीतरी तो ‘इतर’मध्ये ढकलला असता.

यात काय बिघडते, असे कोणी विचारील. बिघडते असे की तलाव सगळा आटवून, यंत्र घालून, काठापासून काठापर्यंत सरसकट खणला, तर पाणी जास्त मावेल. पण काठच्या पाणवनस्पती जातील, मासे अंडी घालतात ती जागा जाईल. शेतकऱ्याचे म्हणणे खरे, ढिवराचेही खरे. दोन्ही समोर असतील तर गाव बसून मार्ग काढील : कोठे खणायचे, कोठे सोडायचे, किती पाणी राखायचे. पण एक म्हणणे चित्रातच नसेल, तर ग्रामसभेत ते मांडायलाही कोणी उठत नाही. सतरा माणसांचे पोट एका रेघेखाली जाते.

म्हणून दोन रकान्यांचा हा साधा तक्ता मला रंगीत मेघापेक्षा मोलाचा वाटतो. चौकटीत आकडा लिहा, आकडा मोठा तिथे रंग गडद भरा, झाले चित्र. आणि प्रत्येक ढिगाखाली एकदोन उत्तरे जशीच्या तशी छापा, म्हणजे आकड्यामागचे माणूस दिसेल. ‘इतर’चा ढीग लहान असावा, आणि त्यात काय आहे ते खाली लिहिलेले असावे.

शेवटची गोष्ट : चित्र गावाला परत दाखवा. ज्याला वाचता येत नाही त्यालाही चित्र कळते. ऑटो नॉयराथ यांनी १९२५ साली व्हिएन्नात एक संग्रहालय काढले ते याचसाठी, की सामान्य कामकऱ्याला आकडेवारी चित्रातून समजावी. आपल्या देशात १९८०च्या दशकाच्या अखेरीपासून ग्रामीण सहभागी मूल्यांकनाची पद्धत रुजली. तीत गावकरी स्वतःच अंगणात रांगोळीने नकाशा काढतात, खडे आणि बिया ठेवून मोजमाप दाखवतात. आपल्याकडे धानाला तोटा नाही. देवळासमोर सारवलेल्या जागेवर तीन रेघा ओढा, एका उत्तराला एक चिमूट धान ठेवा; शेतकऱ्यांसाठी साळ, ढिवरांसाठी शिंगाड्याचे दाणे. लोक जमतील. कोणी म्हणेल, ‘मी असे म्हटले नव्हते.’ तो दाणा उचलून त्याच्या जागी ठेवू द्या. ती शेवटची तपासणी, आणि सर्वांत खरी.

शिक्षकमित्रांनो, हे काम महाविद्यालयापुरतेच नाही. सातवी-आठवीच्या वर्गातही होईल. ‘शाळेत काय बदलावे?’ हा एकच प्रश्न विचारा, चिठ्ठ्या घ्या, मुलांनाच ढीग करू द्या. मोठ्या ढिगाकडे सगळेच पाहतात. आपण त्यांना एवढे शिकवू या की फळ्यावर ‘इतर’ लिहिण्याआधी त्या चिठ्ठ्या पुन्हा एकदा उघडून वाचायच्या. पुष्कळदा एखादे मूल तिथे असे काही सांगत असते, जे त्याने दुसरीकडे कोठेच सांगितलेले नसते.