मोटारीच्या श्वासाचें मापन

कसबा बावड्यांत वाढणाऱ्या विद्यार्थ्यास ‘व्हॅक्यूम’ हा शब्द केवळ पुस्तकांतला वाटण्याचें कारण नाहीं. गळिताच्या हंगामांत उसाच्या गाड्या राजाराम साखर कारखान्याकडे जातांना तो पाहतोच. गुऱ्हाळांत रस उघड्या काहिलींत आटवितात. साखर कारखान्यांत मात्र पाक बंद पॅनमध्यें आटवितात. पॅनमधील हवा ओढून घेतल्यामुळें पाक ७० अंश सेल्सियसच्या आसपासच उकळूं लागतो व साखर करपत नाहीं. आंतील दाब बाहेरच्या दाबाहून किती खालीं गेला, हें तबकडीवरचा कांटा सांगतो. याच जातीचा कांटा टर्बो मोटारींत बसविला म्हणजे त्यास बूस्ट गेज म्हणतात. त्याची नळी कोठें व कशी जोडावी, एवढ्याच प्रश्नाचा येथें विचार करावयाचा आहे.

प्रश्न लहान दिसतो, पण तो तसा नाहीं. आमच्या परिचयाच्या एका गृहस्थांनीं हौसेनें असें गेज बसवून घेतलें. कांटा बहुधा एकाच आकड्यावर खिळून राही. इंजिन फार शांत आहे, असें समजून ते संतुष्ट होते. पुढें एके दिवशीं शियेच्या पुलाकडे जात असतां ब्रेकचें पेडल एकाएकीं दगडासारखें कठीण झालें. वेग बेताचा होता व त्यांनीं सर्व बळ पायांत आणलें, म्हणूनच अनर्थ टळला. तपासणी करितां असें दिसलें कीं, गेजची नळी ब्रेकच्या नळींत सांधा घालून जोडलेली होती आणि तो सांधा निसटला होता.

असें कां झालें, हें समजण्यासाठीं इंजिनाचा श्वासोच्छ्वास पाहिला पाहिजे. पेट्रोल इंजिन हवा आंत ओढतें, पण वाटेंत थ्रॉटल नांवाचें झांकण असतें. तें जवळजवळ मिटलेलें असतां पिस्टन हवा ओढतात, परंतु ती पुरेशी मिळत नाहीं. म्हणून झांकणापलीकडील इनटेक मॅनिफोल्डमध्यें व्हॅक्यूम उत्पन्न होतो. टर्बोचार्जर याच्या उलट काम करितो. बाहेर पडणाऱ्या तप्त वायूंनीं एक चक्र फिरतें, त्याच दांड्यावरील दुसरें चक्र ताजी हवा दाबून इंजिनांत भरतें. आल्फ्रेड ब्यूखी या स्विस अभियंत्यानें १९०५ सालीं या कल्पनेचें पेटंट घेतलें. सारांश, मॅनिफोल्डमध्यें कधीं व्हॅक्यूम, तर कधीं वाढीव दाब असतो. म्हणून बूस्ट गेजच्या तबकडीवर शून्याच्या दोन्ही बाजूंस आकडे असतात. अनेक यांत्रिक गेजांच्या पोटांत धातूची वांकडी नळी असते. दाब वाढला कीं ती सरळ होऊं पाहते व कांटा हलतो. ही युक्ति यूजीन बूर्दों या फ्रेंच कारागिराची, सन १८४९ ची.

आतां तीन चुकीच्या जागा पाहूं. पहिली, टर्बो आणि थ्रॉटल यांच्यामधील नळी. तेथें दाब कळतो, परंतु झांकणापलीकडचा व्हॅक्यूम कळत नाहीं. दुसरी, ब्रेकच्या सर्व्होची नळी. तींत एकाच दिशेनें हवा जाऊं देणारी झडप असते. ती सर्व्होमध्यें व्हॅक्यूम राखून ठेवते व वाढीव दाब तिकडे जाऊं देत नाहीं. झडपेच्या सर्व्होकडील बाजूस गेज लाविलें, तर कांटा खिळून राहतो. आणि तेथें गळती झाली तर ब्रेकचें साहाय्यच नाहींसें होतें. वरील गृहस्थांचें हेंच झालें. तिसरी, वेस्टगेटकडे जाणारी नळी. दाब मर्यादेबाहेर वाढूं नये म्हणून वेस्टगेट उघडतें. त्याची नळी गळूं लागली, तर तें वेळेवर उघडत नाहीं व अति दाबानें इंजिनास इजा होते.

योग्य जागा म्हणजे थ्रॉटलच्या पलीकडे, थेट मॅनिफोल्डवर असलेलें मोकळें तोंड. तें नसल्यास मॅनिफोल्डहून इंधनदाब नियंत्रकाकडे जाणाऱ्या नळींत ‘टी’ सांधा घालावा. अलीकडील पुष्कळ मोटारींत असें तोंडहि नसतें व नळीहि नसते. पण दाब मोजणारा संवेदक बहुधा असतोच, व निदान-जोडणींतून त्याचा आकडा वाचतां येतो. तेथें कापाकापी न करणेंच शहाणपणाचें. डिझेल मोटारीची गोष्ट निराळी. तिची शक्ति इंधन कमीजास्त करून राखतात. म्हणून मॅनिफोल्डमध्यें उपयोगी व्हॅक्यूम बहुधा नसतो व ब्रेकसाठीं स्वतंत्र पंप असतो. तेथें गेज इंटरकूलरच्या पुढें जोडावें आणि पंपाच्या नळीस हात लावूं नये.

जोडणी करितांना इंजिन पूर्ण थंड असावें. सांध्याचें तोंड नळीच्या आंतील व्यासाशीं जुळणारें असावें आणि प्रत्येक टोंकास क्लिप लावावी. नळी तप्त टर्बोपासून व फिरत्या पट्ट्यापासून दूर न्यावी; पत्र्यांतून आंत घेतांना भोंकास रबरी ग्रोमेट बसवावें, नाहीं तर पत्र्याची धार तिला हळूहळू कापते. नळीला मुरड पडूं देऊं नये.

नंतर परीक्षा घ्यावी. इंजिन बंद असतां कांटा शून्यावर हवा. इंजिन जागच्या जागीं मंद चालत असतां व्हॅक्यूम स्थिर दिसला पाहिजे. इंजिन चढउतार करूं लागलें अथवा फुसफुस ऐकूं आली, तर सांधा गळतो आहे असें समजावें. येथें कोल्हापूरकरांनीं एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. समुद्रसपाटीस हवेचा दाब ७६० मिलिमीटर पारा असतो. आपलें शहर सुमारे ५५० मीटर उंचीवर असल्यामुळें येथें तो ७१० च्या आसपास भरतो. म्हणून समुद्रकाठीं ५०० मिलिमीटर व्हॅक्यूम दाखविणारें निरोगी इंजिन येथें सुमारे ४५० दाखवील. तो दोष इंजिनाचा नव्हे व गेजचाहि नव्हे.

त्या गृहस्थांच्या गेजनें खोटें सांगितलें नव्हतें. ब्रेकच्या नळींत काय आहे, एवढेंच तें इमानानें सांगत होतें. ते मात्र त्यास इंजिनाचें उत्तर समजत होते. विद्यार्थिमित्रांनो, कोणत्याहि यंत्रांत नवी नळी जोडण्यापूर्वीं जुनी नळी कोणतें काम करीत आहे, हें आधीं विचारा. हौसेच्या कांट्यासाठीं ब्रेकवरचा विश्वास गमावणें हा फार महाग सौदा होय.