नळाच्या भांडणातून जुळलेला मोहल्ला

रमजान जवळ आला, की गावोगावच्या पोलीस ठाण्यांत शांतता समितीची बैठक बोलावली जाते. पुढच्या रांगेत नगरसेवक, दोन्ही समाजांतले मान्यवर, दोन-चार पत्रकार. चहा-बिस्किटे होतात, सण गुण्यागोविंदाने साजरा करायचे ठरते, फोटो निघतो. ईद पार पडली, की पुढच्या सणापर्यंत ही समिती कोणाला आठवत नाही.

ठाणे जिल्ह्यातल्या भिवंडीलाही अशा बैठका नव्या नव्हत्या. यंत्रमागांचे हे शहर. इथले जुने कोकणी मुसलमान आणि आगरी, उत्तर प्रदेशातून आलेले मोमीन-अन्सारी विणकर, तेलुगू मुलखातून आलेले पद्मशाली, सगळ्यांची रोजीरोटी एकाच धाग्यात गुंतलेली. तरीही 7 मे 1970 रोजी शिवजयंतीच्या मिरवणुकीत दंगल उसळली. मिरवणुकीआधी बैठका झाल्या होत्या, पण त्या कामी आल्या नाहीत. न्यायमूर्ती डी. पी. मादन आयोगाने त्या दंगलीची चौकशी केली. पुढे मे 1984 मध्ये भिवंडी पुन्हा पेटली. मुंबई-ठाण्यापर्यंत पोहोचलेल्या त्या आगीत दोनशेहून अधिक माणसे गेली. ‘दंगलीचे गाव’ हा शिक्का शहराच्या कपाळी बसला.

1988 मध्ये सुरेश खोपडे पोलीस उपायुक्त म्हणून भिवंडीत आले. त्यांनी शांतता समितीची घडीच बदलली. शहरासाठी एक मोठी समिती न नेमता वस्तीवस्तीत मोहल्ला कमिट्या उभ्या केल्या. त्यांची संख्या सुमारे 70 झाली. प्रत्येक कमिटीत हिंदू आणि मुसलमान बरोबरीने. पुढाऱ्यांऐवजी दुकानदार, मागवाले, शिक्षक, कामगार अशी रोजची माणसे. सोबत त्या भागाचा पोलीस. आणि मुख्य म्हणजे, बैठकीसाठी सणाची किंवा तणावाची वाट पाहायची नाही, ठरावीक काळाने भेटायचेच.

भेटून बोलायचे काय? तर नळाला पाणी येत नाही, गटार तुंबले आहे, दोन घरांत भिंतीवरून वाद आहे, कोपऱ्यावर टवाळ पोरे बसतात. धर्माचा विषय काढायची गरजच नव्हती. गटारीच्या तक्रारीसाठी चार वेळा एकत्र गेलेल्या माणसांना एकमेकांची नावे, घरे, स्वभाव ठाऊक होतात. ‘तिकडे आपल्या माणसाला मारले’ अशी आवई उठली, तर तिकडच्या कोणाला विचारून खरे-खोटे करायचे, हे त्यांना माहीत असते. अफवेला मोकळे रान मिळते ते अनोळखी वस्तीत. पोलीसही आता फक्त काठी घेऊन येणारा परका राहिला नव्हता.

कसोटी आली डिसेंबर 1992 मध्ये. बाबरी मशीद पाडली गेली आणि मुंबई पेटली. श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालानुसार डिसेंबर आणि जानेवारी मिळून तिथे 900 माणसे मारली गेली. इतक्या जवळची, दोनदा होरपळलेली भिवंडी मात्र शांत राहिली.

राज्यशास्त्राचे अभ्यासक आशुतोष वार्ष्णेय यांनी 2002 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात भिवंडीच्या या कमिट्यांची दखल घेतली. अलीगढ आणि कालिकत अशा शहरांच्या जोड्या लावून त्यांनी पाहिले, की एका ठिकाणी दंगली का होतात आणि दुसऱ्या ठिकाणी का होत नाहीत. त्यांचा निष्कर्ष असा, की लहान गावात जाता-येता रामराम-सलाम पुरतो, मोठ्या शहरात तो पुरत नाही. तिथे दोन्ही समाजांची माणसे एकत्र बसतील अशा संघटना, मंडळे, कमिट्या लागतात. मुंबईत 1994 पासून ज्युलिओ रिबेरो, सतीश साहनी आणि सुशोभा बर्वे यांनी मोहल्ला कमिटीची चळवळ उभी केली, तीही होरपळल्यानंतरच.

पण एकदा बांधले आणि कायमचे टिकले, असे यात काही नसते. जुलै 2006 मध्ये याच भिवंडीत कब्रस्तानालगतच्या पोलीस ठाण्याच्या बांधकामावरून वाद चिघळला. गोळीबारात दोघे गेले, दोन पोलीस शिपायांचे प्राण गेले. अधिकारी बदलीवर जाणारच. कमिटी पेलायची ती मोहल्ल्यालाच.

आज अडचण वेगळी आहे. भिवंडीत दोघे एकाच नळावर उभे राहत, म्हणून नळाची बैठक शक्य झाली. 1992-93 नंतर मुंबईतली अनेक मुस्लीम कुटुंबे मुंब्र्याला गेली. उपनगरांत ‘आपल्या लोकांच्या’ सोसायट्या वाढल्या. आडनाव ऐकून भाड्याचे घर नाकारले जाते, हे आता कोणाला नवलाचे वाटत नाही. एकमेकांशेजारी राहतच नसलेल्या माणसांनी भेटायचे कुठे?

जागा अजून शिल्लक आहेत. स्टेशनचा रस्ता सगळ्यांचा एकच. कचऱ्याची गाडी, सरकारी दवाखाना, शाळा, मुलांचे मैदान, पाणी तुंबणारा भुयारी मार्ग, यांना जात-धर्म नाही. महापालिका कायद्यात मतदारांच्या क्षेत्रसभेची तरतूद आहे, ती मागून घेता येते. दोन सोसायट्यांनी मिळून एक अर्ज दिला, चार माणसे मिळून प्रभाग कार्यालयात गेली, तरी सुरुवात झाली. एवढेच, की महिन्याचा एक ठरलेला दिवस हवा, आणि भांडण नसतानाही तो पाळायला हवा.

कुरआनच्या सूरह अन-निसामध्ये जवळच्या आणि दूरच्याही शेजाऱ्याशी भलेपणाने वागण्याची ताकीद आहे. या महिन्यात इफ्तारच्या वेळी झाकलेले ताट शेजारी जाते. आपल्याकडे आलेले भांडे रिकामे परत देत नाहीत, त्यात काहीतरी घालून पाठवतात. या वेळी भांडे परत द्यायला गेलेल्याने दारातच विचारावे, ‘गटारीच्या अर्जावर सही करायची राहिली का तुमची? रविवारी येता का?’