ज्यू विचारातील पावित्र्य

'पवित्र' हा शब्द उच्चारताच आपल्या डोळ्यांसमोर एखादे तीर्थक्षेत्र, नदी, मूर्ती किंवा ग्रंथ उभा राहतो. ज्यू धर्मविचारात मात्र या संकल्पनेला थोडे वेगळे वळण मिळाले आहे. हिब्रू भाषेत पवित्र म्हणजे 'कादोश' आणि पावित्र्य म्हणजे 'केदुशा'. वेगळे काढून ठेवणे, हा या धातूचा मूळ आशय मानला जातो. नित्याच्या व्यवहारातून जे ईश्वरासाठी राखून ठेवले, ते कादोश. शब्बाथच्या आरंभी द्राक्षारसाच्या पेल्यावर म्हटली जाणारी 'किद्दुश' ही प्रार्थना, विवाहविधीतील 'किद्दुशीन' आणि दिवंगतांसाठी म्हटली जाणारी 'कद्दिश' हे शब्द याच धातूपासून आले आहेत.

तोरा या धर्मग्रंथातील सृष्टीच्या कथेत ईश्वराने सर्वप्रथम पवित्र ठरवला तो सातवा दिवस. एखादा पर्वत किंवा वास्तू नव्हे. अब्राहम जोशुआ हेशेल या विचारवंताने १९५१ साली प्रसिद्ध झालेल्या 'द सब्बाथ' या पुस्तकात याच मुद्द्यावर भर दिला. ज्यू धर्माने स्थळापेक्षा काळाला पावित्र्य दिले, असे त्याचे प्रतिपादन होते. शुक्रवारी सूर्यास्ताला सुरू होणारा शब्बाथ शनिवारी रात्र पडल्यावर संपतो. या काळात मालकाप्रमाणेच नोकराला, परक्याला आणि गुराढोरांनाही विश्रांती मिळावी, अशी आज्ञा आहे. कोकणातील बेने इस्रायली समाज तेलाचा व्यवसाय करी. पण शनिवारी त्यांचे घाणे बंद असत. म्हणूनच शेजाऱ्यांनी त्यांना 'शनिवार तेली' हे नाव दिले.

मात्र पावित्र्य केवळ विश्रांतीत किंवा उपासनेत संपत नाही. तोरातील लेवीय ग्रंथाच्या एकोणिसाव्या अध्यायाचा आरंभच पवित्र होण्याच्या आज्ञेने होतो. त्यापुढे येणारी यादी विचार करायला लावणारी आहे. शेताच्या कडेचे पीक गरिबांसाठी सोडावे, मजुराची मजुरी रात्रभर अडवून ठेवू नये, आंधळ्याच्या वाटेत अडथळा ठेवू नये, वजनमापात फसवणूक करू नये आणि परक्यावर अन्याय करू नये. पूजाविधीचे नियम आणि बाजारातील प्रामाणिकपणा तेथे एकाच पंक्तीला बसतात.

इ. स. ७० मध्ये रोमन सैन्याने जेरुसलेमचे मंदिर उद्ध्वस्त केले. त्याच्या अंतर्गृहात केवळ प्रमुख याजक वर्षातून एकाच दिवशी, योम किप्पुरला, प्रवेश करू शकत असे. ते स्थानच नष्ट झाल्यावर पावित्र्याचे काय, हा प्रश्न उभा राहिला. धर्मपंडितांनी उत्तर शोधले ते प्रार्थनेत, अध्ययनात आणि घरात. मंदिर होते तेव्हा वेदीने जे प्रायश्चित्त घडे, ते आता माणसाच्या जेवणाच्या टेबलाने घडते, असा विचार तालमूदमध्ये आढळतो. गरिबाला घास देणारे घर अशा रीतीने मंदिराचे वारस ठरले. याच परंपरेने जीव वाचवण्यासाठी शब्बाथचा नियम मोडणे हे कर्तव्य मानले.

तरीही पावित्र्य मुळातच एखाद्या वस्तूत किंवा भूमीत असते, की आज्ञापालनाने येते, हा वाद ज्यू विचारात जुना आहे. बाराव्या शतकातील कवी-तत्त्वज्ञ येहुदा हलेवीने इस्रायलच्या भूमीला अंगभूत वैशिष्ट्य दिले. १९६७ च्या युद्धात पूर्व जेरुसलेम आणि पश्चिम किनारा इस्रायलच्या ताब्यात आल्यावर या वादाला राजकीय धार आली. रब्बी त्स्वी येहुदा कूक यांच्या अनुयायांनी भूमीचे पावित्र्य हा वसाहतींचा आधार मानला. उलट येशायाहू लाइबोविट्झ (१९०३-१९९४) या धर्मनिष्ठ विचारवंताने, ईश्वराखेरीज काहीही स्वतःहून पवित्र नाही, असे ठासून सांगितले. दगडमातीला किंवा राष्ट्राला पवित्र मानणे ही त्याच्या मते मूर्तिपूजाच होती.

हा वाद आजही मिटलेला नाही. भूमी आपोआप पवित्र असेल, तर तिच्यावर ताबा ठेवणे हेच धर्मकर्तव्य ठरू शकते. पावित्र्य आचरणातून येत असेल, तर त्या भूमीवरील मजुराशी आणि परक्याशी कसे वागले, हा प्रश्न टाळता येत नाही. लेवीय ग्रंथातील ती यादी या दुसऱ्या प्रश्नाचीच वारंवार आठवण करून देते.